दोन मीटर ग्लायडर: पंख १.४२ पटीला मोडला

रविवारी अखेर पंखाची वाळूची चाचणी झाली. कव्हरिंगच्या (पंखावर पातळ आवरण चढवण्याच्या) आधीच उरकली, म्हणजे आत काय होतंय ते दिसतं.

आधी हिशेब. मॉडेल १.५ किलोचं, त्यातला पंख अर्धा किलो. कमाल ६ जी, म्हणजे वजनाच्या सहापट भार, धरले. पंखाचं वजन साधारण उचलीसारखंच पसरलेलं असतं, त्यामुळे ते त्याला वाकवत नाही. वाकवतो उरलेला १ किलो. म्हणून लिमिट लोड (उड्डाणात येईल असा कमाल भार) ६ किलो आणि त्याच्या दीडपट, ९ किलो, अल्टिमेट (न मोडता पेलायलाच हवा असा भार). प्रवासी विमानांनाही हाच १.५ चा गुणांक: लिमिटला कायमचा वाक राहता कामा नये, अल्टिमेटला किमान ३ सेकंद टिकायला हवं.

पंख उलटा करून मधोमध ठोकळ्यांवर ठेवला आणि वाळूच्या पिशव्या रचल्या, मुळाशी जास्त, टोकांकडे कमी. (उलट्या पंखाचा स्वतःचा अर्धा किलोही भारात धरा.) लिमिटला टोक ४१ मिमी खाली गेलं आणि पिशव्या काढताच पेन्सिलच्या खुणेवर परत आलं. फार बरं वाटलं. पुन्हा भरत गेलो. आठ किलो वाळू झाली, बारीक करकर ऐकू आली आणि उजवी बाजू काडकन गेली. पंखासकट साडेआठ किलो, म्हणजे लिमिटच्या १.४२ पट.

तुकडा खिडकीशी नेऊन पाहिला. दुसऱ्या-तिसऱ्या रिबमधल्या (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्यांमधल्या) खणात स्पारची, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य तुळईची, वरची पट्टी (उलट्या पंखात खाली आलेली) दुमडली होती. बाकी सगळ्या खणांत शिअर वेबच्या (स्पारच्या वरच्या-खालच्या पट्ट्यांना जोडणाऱ्या उभ्या भिंतीच्या) बाल्साचे, म्हणजे त्या हलक्या लाकडाचे, रेषे उभे, इथे आडवे! उरलेला तुकडा मापात बसला म्हणून मीच तो चिकटवला होता. उभे रेषे दोन्ही पट्ट्यांमधलं अंतर राखतात. आडवे चिरडले आणि पट्टीचा आधारच गेला.

मित्र म्हणाला, पूर्ण स्पारवर कार्बन फायबर लाव. नाही लावणार. २००६ मध्ये तुलूजला अशाच चाचणीत ए३८० या प्रवासी विमानाचा पंख लिमिटच्या १.४५ पटीला तुटला, तेव्हा एअरबसनं तेवढ्या जागेपुरती मजबुती दिली. बोइंग ७७७ चा १९९५ मध्ये १.५४ ला तुटला होता, आणि १.५ च्या इतक्या जवळ मोडणं मला फार सुंदर वाटतं. त्याहून दणकट पंख म्हणजे प्रत्येक उड्डाणात वाहायचं जादा वजन. शिवाय ती दीडपट वाऱ्याच्या अनपेक्षित झोतासाठी, जरा हलक्या निघालेल्या लाकडासाठी असते. मी तिचा वाटा एका चुकीच्या तुकड्यात घालवला.

नवी उजवी बाजू बोर्डावर आहे. वेबच्या प्रत्येक तुकड्यावर आधी रेषांच्या दिशेचा बाण काढतोय. पुढच्या वेळी सात किलोनंतर १०० ग्रॅमच्याच पिशव्या.