परतीचे दोर

कोलंबसला राहायला येऊन आम्हाला आता चौदा वर्षे झाली. ओहायोतला जानेवारी म्हणजे गुडघाभर बर्फ आणि साडेपाचलाच पडणारा अंधार, असे मी सुरुवातीला घरी फोनवर सांगत असे. पण या गावात जानेवारीचे पहिले दोन आठवडे खरे गाजतात ते एका वेगळ्याच कारणाने. वाणसामानाच्या दुकानातल्या रांगेत, दातांच्या दवाखान्यात, मुलांना शाळेतून आणायला थांबलेल्या पालकांत एकच विषय निघतो, आणि तो म्हणजे अमुक मुलगा थांबतोय की चालला. हा मुलगा ओहायो स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघातला वीस-एकवीस वर्षांचा खेळाडू असतो, आणि त्याचे जाणे म्हणजे कॉलेजची शिल्लक वर्षे सोडून एनएफएल या व्यावसायिक लीगसाठी नाव नोंदवणे. नाव नोंदवण्याची मुदत जानेवारीच्या मध्याच्या सुमारास संपते, त्यामुळे हंगामातला शेवटचा सामना आणि आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय यांच्यामध्ये त्याला कधीकधी जेमतेम काही दिवस मिळतात.

इथला फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. तो हातात चेंडू घेऊन, हेल्मेट आणि खांद्यांवर जाड पॅड चढवून, समोरच्याला अंगावर घेत खेळायचा खेळ आहे. कोलंबसचे घोड्याच्या नालेच्या आकाराचे स्टेडियम एक लाखाहून अधिक माणसे सामावून घेते, आणि शनिवारी सामना असला की ते भरते. खेळणारी मुले विद्यार्थी असतात. शाळा संपल्यावर तीन वर्षे उलटल्याशिवाय एनएफएल कोणाला घेत नाही, आणि १९९० पासून मात्र ती तीन वर्षे झालेल्याला कॉलेजचे चौथे वर्ष सोडून येण्याची मुभा आहे. नाव नोंदवले की एप्रिलमध्ये ड्राफ्ट होतो. आपल्या आयपीएलच्या लिलावात बोली लागते, इथे तशी बोली नसते. बत्तीस संघ सात फेऱ्यांत आळीपाळीने अडीचशेच्या वर खेळाडू निवडतात, आधीच्या हंगामात सर्वांत खाली राहिलेल्या संघाला बहुधा पहिली निवड मिळते, आणि कोणत्या गावी जायचे हे खेळाडूच्या हातात नसते. २०११ च्या करारापासून निवडीच्या क्रमांकावरून पगार जवळजवळ ठरून गेलेला असतो. २०२५ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या खेळाडूला चार वर्षांचे मिळून सुमारे ४ कोटी ८८ लाख डॉलर हमीसह मिळाले. सातव्या फेरीतल्या मुलाला त्याच वर्षी किमान वेतन म्हणजे ८ लाख ४० हजार डॉलर मिळायचे होते, पण तेही तो संघात टिकला तर. आणि ज्याला कोणीच निवडले नाही, त्याला पुन्हा कॉलेजच्या संघात परतता येत नाही. कोंढाण्यावर सूर्याजीने कापलेले दोर आपण शाळेत वाचलेले असतात. मला दर जानेवारीत त्यांची आठवण होते.

मी इथल्याच एका विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवते. सात-आठ वर्षांपूर्वी डिसेंबरच्या सुरुवातीला संघातला एक तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी माझ्याकडे शंका विचारायला आला होता. (त्याची ओळख पटेल असे काहीही मी इथे लिहीत नाही.) सराव आटपून तो थेट आलेला होता. उजव्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी होती आणि ती पारदर्शक प्लास्टिकच्या पट्टीने, आपण मुरांब्याच्या बरणीचे तोंड गच्च बांधतो तशी, घट्ट गुंडाळलेली होती. अर्ध्या तासात बर्फ वितळून त्याच्या बुटाशी पाण्याचे छोटे थारोळे झाले, आणि ते दिसताच तो ओशाळून खिशातल्या कागदी रुमालांनी फरशी पुसू लागला. त्या आठवड्यात वर्गात 'अपेक्षित मूल्य' शिकवून झाले होते, म्हणजे प्रत्येक शक्यतेला तिच्या संभाव्यतेने गुणायचे आणि बेरीज करायची. गणित सुटल्यावर त्याने वहीचे पान उलटले आणि विचारले, "प्रोफेसर, हेच माझ्या बाबतीत करता येईल का?" त्या पानावर त्याने स्वतःच फेऱ्या मांडल्या होत्या, प्रत्येक फेरीचा पगार लिहिला होता आणि आपण त्या फेरीत निवडले जाण्याची टक्केवारी अंदाजाने भरली होती. शेवटच्या ओळीत 'गुडघा' एवढाच शब्द होता आणि त्याच्यासमोरची जागा कोरी होती.

सांगलीच्या ज्या घरात मी वाढले, तिथे या प्रश्नाला एकच उत्तर होते. आधी पदवी पदरात पाड, मग काय करायचे ते कर, असे बाबा म्हणत, आणि मीही त्या क्षणी तेच म्हणणार होते. पण त्याच्या वहीतला आकडेवारीचा तक्ता बघताना मला आमच्याच विषयातली एक गोष्ट नव्याने जाणवली. अपेक्षित मूल्य खरे ठरते ते तोच डाव पुष्कळ वेळा खेळणाऱ्याच्या बाबतीत. एनएफएलचा संघ दरवर्षी सात-आठ मुले निवडतो, त्यातली तीन फसली तरी दोन चमकतात आणि सरासरीने त्याचा हिशेब बरोबर येतो. या मुलाचा डाव एकदाच पडणार होता. खेळाडूंच्या संघटनेच्या आकड्यांनुसार एनएफएलमधली सरासरी कारकीर्द साडेतीन वर्षांच्या आतच आटोपते, आणि कॉलेजमध्ये आणखी एक वर्ष खेळायचे म्हणजे त्याच मोजक्या आयुष्याच्या शरीराचे एक वर्ष, त्या काळी तरी, फक्त शिष्यवृत्तीवर खर्च करायचे. मी त्याला एवढेच सांगितले की तुझे गणित बरोबर आहे, पण ते संघाच्या कामाचे आहे, तुझ्या नव्हे.

सल्ला देणारी व्यवस्था इथे नाही असे नाही. एनएफएलची एक समिती आहे, ती विचारणा करणाऱ्या खेळाडूला तीनपैकी एक उत्तर देते. पहिल्या फेरीत जाशील, दुसऱ्या फेरीत जाशील, किंवा दोन्ही नाही. तिसऱ्या उत्तराचा अर्थ कॉलेजमध्ये थांब असा धरतात. मला ही पद्धत प्रामाणिक वाटते, पण ती घरची परिस्थिती विचारत नाही. माझ्या विद्यार्थ्याची आई वृद्धांच्या शुश्रूषागृहात रात्रपाळी करत होती आणि पाठीवर शिकणारी दोन भावंडे होती. त्याला तिसरे उत्तर मिळाले.

या गावाला या प्रश्नाचा जुना घावही आहे. मोरिस क्लॅरेट हा यंग्सटाउनचा मुलगा २००२ मध्ये ओहायो स्टेटकडून पहिल्याच वर्षी खेळला, आणि ३ जानेवारी २००३ च्या राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यात दुसऱ्या जादा डावात विजयी टचडाउन, म्हणजे चेंडू समोरच्याच्या शेवटच्या रेषेपार नेणे, त्यानेच केला. पुढचा अख्खा हंगाम विद्यापीठाने त्याला निलंबित ठेवले. कॉलेज खेळू देत नाही आणि एनएफएल तीन वर्षांच्या नियमामुळे घेत नाही, म्हणून तो न्यायालयात गेला. फेब्रुवारी २००४ मध्ये न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी त्याच्या बाजूने निकाल दिला, तो अपील न्यायालयाने त्याच वर्षी मे महिन्यात फिरवला. तो निकाल लिहिणाऱ्या सोनिया सोतोमायोर पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्या. दरम्यान पहिल्या निकालावर विसंबून दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माइक विल्यम्सनेही नाव नोंदवले होते, एजंट नेमला होता. निकाल फिरल्यावर एनएफएलचे दार बंद झाले आणि कॉलेजांच्या खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेनेही त्याला परत खेळू दिले नाही. तेलही गेले, तूपही गेले अशी त्याची गत झाली. वर्षभर बसून राहिल्यावर तो २००५ मध्ये दहाव्या क्रमांकावर निवडला तरी गेला. क्लॅरेट तिसऱ्या फेरीत गेला आणि एनएफएलच्या मुख्य हंगामात एकही सामना खेळला नाही. पुढे त्याने तुरुंगवासही भोगला. इथली जुनी माणसे त्याच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. मला तरी वाटते की मोठ्यांच्या दोन संस्थांनी आपापली सोय पाहिली आणि मधल्या मध्ये वीस वर्षांचा मुलगा चिरडला गेला. तीन वर्षांचा नियम मुलांच्या शरीराच्या काळजीपोटी आहे असे सांगतात. ती काळजी खरी असेलही, पण त्या तीन वर्षांत कॉलेजांना त्यांचा खेळ फुकट मिळत होता, हेही तितकेच खरे होते.

ते 'फुकट' २०२१ मध्ये संपले. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि छबीवर पैसे कमावण्याची परवानगी मिळाली, आणि जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठे त्यांना थेट पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. परिणाम लगेच दिसला. मुदतीआधी कॉलेज सोडून ड्राफ्टला जाणाऱ्यांची संख्या २०१९ मध्ये शंभराच्या वर होती, ती २०२४ मध्ये साठच्या आत आली. कॉलेजचा खेळ यामुळे बाजारू झाला असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातली नाही. बाजार आधीही होता, फक्त मुलांचा वाटा त्यात नव्हता.

आमच्या गावाने हा बदल अगदी जवळून पाहिला तो २०२१ साली ओहायो स्टेटमध्ये दाखल झालेल्या मुलांमुळे. इथे एक प्रथा आहे. कट्टर प्रतिस्पर्धी असलेल्या मिशिगन विद्यापीठाला हरवले की प्रत्येक खेळाडूला सोन्याच्या छोट्या विजारीच्या आकाराचे एक पदक मिळते. ती प्रथा १९३४ पासूनची आहे. आमच्या गल्लीतल्या, सत्तरी ओलांडलेल्या शेजाऱ्यांनी मला तिची गोष्ट पहिल्याच हिवाळ्यात, अंगणातला बर्फ ओढता ओढता सांगितली होती. २०२१ च्या तुकडीला ते पदक पहिली तीन वर्षे मिळाले नाही. २०२३ च्या हंगामानंतर त्यांच्यातला मार्व्हिन हॅरिसन ज्युनियर ड्राफ्टला गेला आणि चौथ्या क्रमांकावर निवडला गेला. त्याच्या जाण्यात काहीही चूक नव्हती. पण जॅक सॉयर, जे. टी. टुइमोलोआउ, एमेका एग्बुका, ट्रेव्हियॉन हेंडरसन हे सगळे थांबले. २०२४ च्या त्या संघावर सुमारे २ कोटी डॉलर खर्च झाल्याचे क्रीडासंचालकांनी उघडपणे सांगितले, म्हणजे थांबणे आता उपासमारीचे नव्हते. तरीही मिशिगनशी राहिलेला हिशेब हेही थांबण्याचे कारण होते, असे या गावातला प्रत्येक जण सांगेल, आणि माझाही त्यावर विश्वास आहे.

३० नोव्हेंबर २०२४ ला ते चौथ्यांदा मिशिगनकडून हरले, १०-१३ असे, आणि तेही घरच्या मैदानावर. सामना संपल्यावर मिशिगनच्या खेळाडूंनी मैदानाच्या मध्यावर झेंडा रोवला आणि सॉयरने तो ओढून काढला. त्या रात्री शेजारी दारातूनच म्हणाले, "पोरं उगाच थांबली." पुढच्या सात आठवड्यांत त्याच पोरांनी बाद फेऱ्यांत टेनेसी, ऑरेगॉन, टेक्सस आणि नॉत्र दाम या विद्यापीठांना हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले. टेक्ससविरुद्ध, अवघ्या सात गुणांची आघाडी आणि शत्रू आपल्या दारात अशा वेळी, सॉयरने टेक्ससचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू, क्विन यूअर्स याच्या हातातला चेंडू उडवला, उचलला आणि ८३ यार्ड पळत नेला. सॉयर कोलंबसच्या उपनगरातला, पिकरिंग्टनचा, आणि यूअर्स २०२१ मध्ये ओहायो स्टेटला असताना त्याचाच खोलीसोबती. यूअर्सने तेव्हा शाळेचे शेवटचे वर्षही सोडून दिले होते, आणि त्या सामन्यानंतर कॉलेजमधला खेळण्याचा हक्क शिल्लक असतानाही तो ड्राफ्टला गेला. दुसऱ्या विद्यापीठात खेळला असता तर त्याला काही दशलक्ष डॉलर मिळाले असते, अशा बातम्या होत्या. एप्रिलमध्ये तो सातव्या फेरीत, २३१ व्या क्रमांकावर निवडला गेला. सॉयर चौथ्या फेरीत. थांबून एग्बुका १९ वा गेला, हेंडरसन ३८ वा, टुइमोलोआउ ४५ वा. यातून थांबावे की जावे याचा नियम काढू पाहणाऱ्याला मी वर्गात नापास करेन. चार-पाच मुलांवरून काही सिद्ध होत नाही. एवढे मात्र दिसते की चुकीची किंमत आता कमी झाली आहे. गुडघा गेला तरी हातात काहीतरी उरते, आणि ज्याचा डाव एकदाच पडणार आहे त्याच्यासाठी हे काहीतरी सरासरीपेक्षा फार मोलाचे असते.

माझ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला हे आले नाही. समितीचे उत्तर नकारार्थी असूनही त्याने त्या जानेवारीत नाव नोंदवले. मला ते चुकीचे वाटले होते आणि मी तसे बोलूनही दाखवले होते. एप्रिलच्या तीन दिवसांत त्याचे नाव पुकारले गेले नाही. एका संघाने सरावशिबिरासाठी थोडेसे पैसे देऊन त्याला घेतले आणि ऑगस्टच्या शेवटी सोडले. सप्टेंबरमध्ये त्याचा ईमेल आला. शिबिराच्या पैशांतून आईच्या गाडीचे कर्ज फिटले, ती आता रात्री दोन बस बदलून कामाला जात नाही, असे त्याने पहिल्या ओळीत लिहिले होते. मग विचारले होते की पदवीसाठी आपली किती क्रेडिट बाकी आहेत, आणि जुन्या वर्गांचे गुण अजून धरले जातात का.

गुण धरले जात होते. सव्वीस क्रेडिट बाकी होती. त्याने दिवसा एका गोदामात काम करून ती चार सत्रांत पूर्ण केली.