शीआनमधला पाऊस आणि गाळलेलं दुकान

चीनमधल्या शीआनला सप्टेंबरअखेरीस पडणारा पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही. पहाटे सुरू होतो आणि रात्रीपर्यंत तसाच बारीक, गार पडत राहतो. ग्रुपला वाटतं थांबेल; मला माहीत असतं, नाही थांबणार. म्हणून नाश्त्यालाच मी शहराच्या तटावरची सायकल रद्द केली. मिंग काळातला तो तट १३.७ किलोमीटरचा आहे, माथा एखाद्या रस्त्याइतका रुंद, पण ओल्या विटांवर चाक घसरतं. काही जण रुसले. रुसू देत. पाय मोडलेल्या माणसाला परदेशातल्या हॉस्पिटलात सोडून पुढचं विमान पकडायची वेळ एकदा आली की टूर मॅनेजर रुसव्याला घाबरत नाही.

पावसात सगळं शहर छपराखाली धावतं, म्हणजे लिनथोंगच्या टेराकोटा सैन्याकडे, चीनच्या पहिल्या सम्राटाच्या थडग्याजवळ खड्ड्यांत पुरलेल्या भाजक्या मातीच्या सैनिकांकडे. तिकिटं पासपोर्ट नंबरावर, आधीच घेतलेली, त्यामुळे दिवस बदलता येत नाही. अंगावर सगळ्यांच्या तेच पारदर्शक रेनकोट, कंपनीच्या टोप्या त्याच्या आत. अशा गर्दीत मी डोकी मोजत नाही, जोड्या लावते. आणि जोडीत नवरा-बायको कधीच ठेवत नाही, कारण ते हरवतात तेव्हा दोघं मिळून हरवतात. शेजारच्या खोलीतल्या माणसाची जबाबदारी दिली की लोक जास्त जपतात.

आमची लोकल गाइड या कामात फार वरच्या दर्जाची होती, हे मुद्दाम लिहिते. पहिल्या खड्ड्याचा हॉल २३० मीटर लांब आहे. सगळे ग्रुप दारासमोरच्या कठड्याला चिकटतात, फोटो काढतात, निघतात. तिने आम्हाला कडेकडेने थेट मागच्या टोकाला नेलं. तिथे जोडकाम चालतं: कुणाला धड आहे, डोकं नाही, कुणी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, अंगावर नंबराच्या चिठ्ठ्या. एका काकांनी विचारलं, "पाणी शिरत नव्हतं का हो आत?" तिने नीट समजावलं. मूळ खड्ड्यांवर लाकडी ओंडक्यांचं छप्पर होतं, त्यावर चटया, वर माती. पुढे छप्पर जळलं, कोसळलं आणि सैनिकांचे तुकडे झाले. १९७४ साली विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांच्या हाताला लागले ते हेच तुकडे. मूर्ती रंगवलेल्या होत्या, पण उघड्या हवेत रंगाखालचा लाखेचा थर काही मिनिटांत वाळून सुटतो, म्हणून बराच भाग अजून मुद्दाम खणलेला नाही. काका परत कठड्याकडे गेले आणि खाली बघत उभे राहिले. या कामात मला हवं असतं ते एवढंच.

परतीच्या रस्त्यावर बस अडकली आणि दोन तास गेले. उरलेल्या वेळात एकच गोष्ट बसत होती: कार्यक्रमात छापलेली 'जेड कलाकेंद्राला भेट' किंवा बडी हंस पगोडा हा जुना बौद्ध मनोरा.

कलाकेंद्र म्हणजे दुकान. ग्रुप आत गेला, काही खरेदी झाली, की गाइडला कमिशन मिळतं. स्वस्त टूरमध्ये तिची खरी कमाई तीच, रोजचा मेहनताना नावापुरता. चीनच्या २०१३च्या पर्यटन कायद्यात स्वस्त टूर दाखवून सक्तीच्या खरेदीला नेण्याला बंदी आहे. तरी आपल्याकडचे आणि तिकडचे एजंट मिळून भाव पाडतात, आणि तो खड्डा दुकानाने भरायचा असं ठरवून टाकतात. पैसे वाचतात प्रवाशाचे, जातात गाइडचे.

मी पगोडा सांगितला. ती बसमध्ये पुढे जाऊन बसली, बराच वेळ हळू आवाजात फोनवर बोलली. मग एक कागद आणला: ग्रुपने दुकान स्वतःहून नाकारलं, खाली माझी सही. मी केली.

ग्रुपमध्ये वाईच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. युआन श्वांगसाठीच आले, असं त्या पहिल्या दिवसापासून म्हणत. हा चिनी बौद्ध भिक्षू, आपला ह्युएन त्संग, ६४५ साली भारतातून ६५७ ग्रंथ घेऊन परतला. ते ठेवायला ६५२ साली हा मनोरा उभा राहिला. "बाई, जिना अरुंद आहे, लाकडी आहे." "हळू चढते ना." चढल्या, गुडघ्यांसकट, सातव्या मजल्यापर्यंत. वरच्या खिडकीतून पावसात शहर धूसर दिसत होतं, पण बाईंना शहराशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी गाइडला सांगायला सुरुवात केली आणि मी मधे दुभाषी. हा माणूस आमच्या महाराष्ट्रात येऊन गेला, चालुक्य राजा पुलकेशीच्या राज्यात. दरवाज्याशी दगडी हत्ती असलेला लेणीविहार त्याने नोंदवला, तो अजिंठा असं आम्ही मानतो. आमच्या लोकांबद्दल त्याने लिहिलं की हे उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. सूड घ्यायचा तर शत्रूला आधी कळवतात.

गाइडला नालंदा तोंडपाठ होतं, हे नवीन होतं. तिने वही काढली, बाईंना परत सांगायला लावलं, राजाचं नाव अक्षर अक्षर लिहून घेतलं. उपकारांचं ते वाक्य मी तिला इंग्रजीत सांगत होते तेव्हा तिच्या दिवसाची कमाई आमच्यामुळे बुडालेली होती, आणि ते तिथे आम्हा दोघींनाच माहीत होतं.

रात्री बसमध्ये मी माइकवर सगळ्यांना खरं सांगितलं: दुकान का गाळलं, त्यात कुणाचे पैसे गेले. पाकिटात बऱ्यापैकी जमलं. बाईंनी सर्वांत जास्त घातले, आणि सायकलवाल्यांनीही हात आखडला नाही. पण बक्षिसी म्हणजे पगार नव्हे. समोरच्याची मर्जी असेल तर मिळते.

ऑफिसला रिपोर्टमध्ये लिहिलं, दुकान काढा, गाइडचा पूर्ण मेहनताना पॅकेजमध्ये धरा. उत्तर आलं की मग आपला आकडा शेजारच्या कंपनीच्या वर जातो आणि फोन येणं बंद होतं. त्यांचंही खोटं नाही. फोनवर पहिला प्रश्न भावाचाच असतो. तरी त्या बसमधल्या लोकांना बुकिंगच्या वेळीच कुणी सरळ सांगितलं असतं, तर किती जणांनी ते जास्तीचे पैसे भरले असते, हे मला खरंच जाणून घ्यायचंय. पुढच्या शीआन बॅचच्या मीटिंगला मी ते स्वतः विचारणार आहे, ऑफिसला चालो न चालो.