शेऱ्याच्या रकान्यात 'बाद'

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे, तेरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत कार्यक्रम पुष्कळ झाले, व्याख्यानं, कवी संमेलनं, स्पर्धा परीक्षेवाल्यांची शिबिरं, पण गेल्या 27 फेब्रुवारीचा दिवस काही डोक्यातून जात नाही म्हणून लिहून काढतेय.

मराठी भाषा गौरव दिन होता. दरवर्षी ग्रंथदिंडी आणि भाषण होतं, यावर्षी अध्यक्ष सर म्हणाले की भाषण नको, दोन कादंबरीकार बोलवू आणि त्यांना आपापसात बोलू देऊ, कसं लिहिलं आणि काय वाचून लिहावंसं वाटलं एवढंच. एक बाई, सत्तरीच्या जवळ आलेल्या, मूळ आमच्याच गावच्या, लग्नानंतर बाहेर गेलेल्या, चार कादंबऱ्या नावावर. दुसरा वऱ्हाडातला मुलगा, पस्तिशीचा असेल, पुण्यात नोकरी, दोन कादंबऱ्या. नावं मुद्दाम देत नाहीये, दोघांनाही आवडणार नाही.

वरच्या हॉलमध्ये साडेचारला सुरू केलं. ऐंशी खुर्च्या मांडल्या होत्या, साठेक भरल्या. मी पहिल्या रांगेच्या कडेला बसले होते, माईक बंद पडला तर उठायला बरं म्हणून.

सुरुवातीला दोघंही जरा अवघडलेले होते. मग मुलगा 'धग'वर आला आणि त्याचा आवाजच बदलला. उद्धव शेळक्यांची, 1960 ची कादंबरी, कौतिक नावाच्या बाईची. तो म्हणाला, माझ्या घरात आजी जे बोलायची ते मी शाळेत चुकून बोललो की पोरं हसायची, आणि इथे छापलेल्या पुस्तकात माणसं तसंच बोलतायत, मी पुस्तक मिटून कव्हर परत बघितलं की हे खरंच पुस्तकच आहे ना. पण त्याची एक खंत पण होती, की 'धग'मध्ये माणसं वऱ्हाडी बोलतात आणि लेखक सांगतो ते मात्र प्रमाण मराठीत, म्हणजे दोन अवतरण चिन्हांच्या आत बोली आणि बाहेर शाळा. स्वतःच्या पहिल्या कादंबरीत त्यानं हेच केलं आणि त्याला ते खोटं वाटत राहिलं.

यावर बाई एकदम पुढे सरकून बसल्या. म्हणाल्या, अरे ते कुंपण काढलं ना, एकाच वर्षी दोघांनी काढलं. 1971. तिकडे कोल्हापूरकडे आनंद यादवांनी 'गोतावळा'मध्ये नारबा नावाच्या गड्यालाच सगळं सांगायला लावलं, आणि इकडे आपल्या रा. रं. बोराडेंनी 'पाचोळा'. बोराडे लातूर तालुक्यातल्या काटगावचे, त्यामुळे आमच्याकडे त्यांचं नाव निघालं की हॉलमध्ये लगेच कुजबुज होते, तशी झालीच. 'पाचोळा' म्हणजे खेड्यातल्या एका शिंप्याच्या घराची गोष्ट, आणि ती त्या शिंप्याची बायको सांगते, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत आपल्या बोलीत, मध्ये लेखक कुठे येतच नाही. बाई म्हणाल्या, मी अठरा-एकोणीस वर्षांची असताना ते वाचलं आणि मला कळलं की माझी मावशी कादंबरी सांगू शकते, तिला फक्त कुणीतरी मध्ये न बोलता ऐकायला पाहिजे.

मग त्यांनी एक गोष्ट बोलून दाखवली जी मी याआधी कुठे ऐकली नव्हती. की बघा, हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो?' 1890 मध्ये 'करमणूक' साप्ताहिकातून छापायला सुरुवात केली, त्यात यमुना स्वतः आपली कहाणी सांगते. ऐंशी वर्षांनी 'पाचोळा'मध्ये शिंप्याची बायको सांगते. दोन्ही पुस्तकांनी मला घडवलं, दोन्ही मी छातीशी धरली, पण दोन्ही बायका पुरुषांनी लिहिलेल्या. मी लिहायला बसले त्याचं कारण हेच, की ती मावशी काय बोलत नव्हती ते मला माहीत होतं, ते त्यांना माहीत असणं शक्य नव्हतं. असं म्हणून त्या थांबल्या आणि हॉलमध्ये पंख्याचा आवाज यायला लागला, इतकी शांतता.

मुलानं मग 'रणांगण' काढलं. विश्राम बेडेकरांची एकुलती एक कादंबरी, 1939 ची, युरोपातून मुंबईला येणारी बोट, चक्रधर आणि हॅर्टा ही जर्मनीतून निघालेली ज्यू मुलगी, आणि महायुद्ध अगदी तोंडावर आलेलं. तो म्हणाला माझा दुसरा ड्राफ्ट चारशे पानांचा झाला होता, 'रणांगण' परत वाचलं आणि लाज वाटली, एवढंसं पुस्तक आणि त्यात अख्खा युरोप मावलाय. चारशेचं एकशे ऐंशी केलं. बाई हसून म्हणाल्या आणि त्याच घरात मालतीबाई होत्या, विभावरी शिरूरकर नावानं 1933 मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' लिहून सगळा महाराष्ट्र ढवळून काढलेल्या, तू नवऱ्याचं पुस्तक घेऊन बसलास, मी बायकोचं.

भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला'वर फार वेळ गेला नाही, सगळेच त्यावर बोलतात. फक्त मुलगा एवढं म्हणाला की त्यातल्या नायकाच्या सारख्या येणाऱ्या 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे'तून बाहेर पडायला मला सहा वर्षं लागली. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'वर थोडं झालं, मास्तरच्या तोंडून सांगितल्यामुळे तिथे प्रमाण भाषा कशी खटकत नाही वगैरे, ते मुद्देसूद होतं.

आणि मग बाई सहज बोलल्यासारखं ते बोलल्या.

म्हणाल्या, 'पाचोळा' मी याच वाचनालयातून नेलं होतं, वडिलांच्या कार्डावर. आणि मला त्या कादंबरीएवढंच त्या प्रतीनं शिकवलं. शेवटच्या कोऱ्या पानावर कुणीतरी शिसपेनीनं मापं लिहिली होती. उंची 28, छाती 38, शोल्डर 17, बाही 9, कॉलर 15, आणि खाली अॅडव्हान्स 5 रु. म्हणजे गावातल्या कुठल्यातरी शिंप्यानं शिंप्याची कादंबरी नेली होती, मशीनजवळ ठेवली होती, गिऱ्हाईक आलं तेव्हा हाताशी दुसरा कागद नव्हता म्हणून त्यावरच माप घेतलं. मला तोवर वाटायचं की पुस्तकं कॉलेजातली माणसं वाचतात. ज्याच्याबद्दल लिहिलंय तो वाचतो, हे मला त्या पानानं सांगितलं. आजही लिहिताना तो माणूस माझ्यासमोर बसलेला असतो.

टाळ्या झाल्या. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, माझे हात गार पडले होते. कारण ते पान मी बघितलं होतं.

2019 च्या उन्हाळ्यात आम्ही पुस्तकं बाद करायला काढली होती. आदल्या पावसाळ्यात मागच्या भिंतीला वाळवी लागली होती, कपाटं हलवायची होती, जागा नव्हती. रीत अशी की ग्रंथपाल यादी करतो, कार्यकारिणी ठराव घेते, मग दाखल रजिस्टरमध्ये त्या त्या नंबरपुढे शेऱ्याच्या रकान्यात 'बाद' लिहायचं, तारीख टाकायची, आणि पुस्तकं रद्दीत. 186 पुस्तकं होती. एकेक हातात घेऊन मी कारण लिहिलं होतं. ते मापांचं पान मला आठवत होतं कारण मी तेव्हा चिडले होते, की लोक वाचनालयाच्या पुस्तकावर काय वाट्टेल ते लिहितात.

चहा झाला, लोक पांगले, आणि बाई खाली काउंटरला आल्या. म्हणाल्या, तुम्ही ग्रंथपाल ना, ती प्रत आहे का अजून, एकदा हातात घ्यायची होती.

सापडत नाही म्हणता आलं असतं. बाहेर वाचायला गेलीय म्हणता आलं असतं. मी म्हटलं, मॅडम, ती 2019 ला बाद केली, मीच केली. त्यांनी काउंटरवर हात ठेवला आणि थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत. मग तुम्हीवरून एकदम तूवर आल्या आणि म्हणाल्या, "कारण काय लिहिलंस गं?"

रजिस्टर काढून दिलं. लाल कापडी बाईंडिंगचं जाड रजिस्टर, 1972 ची खरेदी, त्या वेळच्या ग्रंथपालांचं टाकानं लिहिल्यासारखं सुंदर अक्षर, पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, किंमत, आणि कडेला माझं निळ्या बॉलपेनचं, 'बाद. पुठ्ठा सुटलेला, पाने लिहिलेली.' बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. रागावतील असं वाटत होतं, त्या रागावल्या नाहीत, त्यांनी चष्मा लावला आणि वरच्या ओळी वाचायला लागल्या. हे मी वाचलं होतं. हे आणलं आणि न वाचताच परत केलं. हे तर वडिलांनी लपवून ठेवलं होतं. तो मुलगा पण येऊन शेजारी उभा राहिला. 'रणांगण' कुठल्या पानावर आहे म्हणाला, शोधलं, सापडलं, दोन प्रती, त्यातली एक हरवलेली, वाचकाकडून भरपाई घेतल्याचा शेरा. तो म्हणाला बाई, म्हणजे 'धग' 71 च्या आत इथे आलीच नव्हती, बघा ना, थेट 78 ला आलीय, तुम्हाला ती आधी मिळाली असती तर? बाई म्हणाल्या तर मी कदाचित प्रमाण मराठीतच लिहिलं असतं तुझ्यासारखं, माझ्या हातात आधी 'पाचोळा' पडलं हे त्या वर्षी खरेदीला कोण गेलं होतं त्यावर ठरलंय.

वर स्टेजवर झालं ते चांगलंच होतं, पण त्या रजिस्टरवर वाकून दोघं तासभर जे बोलले ते मी आयुष्यात विसरणार नाही. कुठलं पुस्तक कुठल्या वर्षी आलं, त्याच्या मागेपुढे काय आलं, एक वाचून दुसरं कसं दिसायला लागलं. तेरा वर्षं मी त्या रकान्यांमध्ये नंबर लिहितेय आणि मला कधी वाटलं नव्हतं की एखाद्या लेखकाचं घडणं त्यात असं ओळीनं वाचता येतं.

मग बाईंनी विचारलं, यावर्षीची यादी आहे का. होती. जिन्याखाली सुतळीनं बांधलेले गठ्ठे, 140 पुस्तकं, शनिवारी मीटिंगमध्ये ठराव घ्यायचा होता. शिपाई मामांनी गठ्ठे सोडले, आम्ही चौघं सतरंजीवर बसलो, साडेनऊ वाजले. त्यातली बरीचशी खरंच गेलेली होती, वाळवीनं आरपार भोकं पाडलेली, ओली होऊन पानं चिकटलेली, ती ठेवण्यात अर्थ नव्हता आणि बाई पण तसंच म्हणाल्या, उगीच जीव अडकवू नको. पण काही नुसती शिलाई सुटलेली होती. एकात समासभर कुणीतरी शब्दांचे अर्थ लिहिलेले, बारीक शाळकरी अक्षरात. एकात बाळंतपणाचा खर्च मांडलेला. ग्रामीण कथांच्या एका संग्रहात प्रत्येक गोष्टीच्या शेवटी कुणीतरी एकच शब्द लिहिला होता, 'खरंय' किंवा 'खोटं', आणि तो मुलगा ते बघत इतका वेळ बसला की मामांनी त्याला पाणी आणून दिलं.

31 पुस्तकं बाजूला काढली. जाताना बाईंनी रजिस्टरच्या त्या ओळीचा मोबाईलवर फोटो घेतला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला, बोलल्या काही नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी रद्दीवाल्याकडे जाऊन आले. सात वर्षांपूर्वीचा माल, तो म्हणाला आठ दिवसांच्या आत ट्रक जातो ताई, इथे काही राहत नाही.

शनिवारी मीटिंगला एका सदस्यांनी विचारलं यादी 140 ची होती ना, 109 कशी झाली, आणि बाईंडिंगचा खर्च कुठून काढायचा. मी ती 'खरंय' 'खोटं'वाली प्रत सोबत नेली होती, ती टेबलावर फिरवली. अध्यक्ष सर शेवटच्या गोष्टीपर्यंत पानं उलटत गेले. किरकोळ दुरुस्तीतून पैसे काढायचं ठरलं, आणि पुस्तकावर वाचकानं लिहिलंय एवढ्याच कारणानं बाद करायचं नाही ही ओळ मी ठरावात घालून घेतली. 31 पुस्तकं मामांनी एसटीनं लातूरला बाईंडरकडे नेली. 19 परत आलीत, 12 यायचीत.