काळा चाय ताव क्वे: मुळ्यावर उगाच आळ घेतला

सुटलं! सात आठवडे आणि अकरा प्लेट्सनंतर काल दुपारी सिंगापूरच्या चायनाटाउन कॉम्प्लेक्समध्ये, दुसऱ्या मजल्यावरच्या खाण्याच्या स्टॉल्समध्ये, मला हवा होता तसा काळा चाय ताव क्वे (मुळा-तांदळाच्या लादीचे सोया सॉसमध्ये परतलेले तुकडे) मिळाला. कडा कुरकुरीत, आत लुसलुशीत, आणि गोडसर काळा सोया सॉस तापल्या लोखंडावर पडला की उठतो तो खमंग वास. किंमत ४ डॉलर, म्हणजे या शोधासाठी मी घातलेली प्लेटमागे ५ डॉलरची मर्यादाही शाबूत.

गंमत म्हणजे मागच्या नोंदीत ज्याला मी 'लहरी' ठरवलं होतं, तोच हा स्टॉल. पहिल्यांदा अप्रतिम, पुढच्या दोन्ही वेळा लगदा. आचारी तीच, सॉस तोच, चव मात्र दर वेळी वेगळी. या एका कोड्यापायी माझी पुढची मोहीम, क्लेपॉट राइसची (मातीच्या भांड्यात शिजवलेल्या भाताची), महिनाभर अडली होती.

पाटीवर 'कॅरट केक' वाचून गाजर शोधणाऱ्या नव्या मंडळींसाठी: चाय ताव म्हणजे मुळा. तांदळाचं पीठ आणि किसलेला पांढरा मुळा एकत्र वाफवून लादी करतात, मग तिचे तुकडे अंडं, लसूण आणि चाय पोह म्हणजे खारवलेला मुळा घालून परततात. आपल्या वड्या उकडून मग तळतात तसंच. (फिश सॉस असतो, बऱ्याच ठिकाणी डुकराची चरबीही. न खाणाऱ्यांनी आधी विचारावं.)

माझा पहिला संशय लादीवर होता. पुष्कळ स्टॉल कारखान्यातून तयार लाद्या आणतात, स्वतः वाफवणारे थोडे. म्हणून ओबडधोबड तुकडे दिसतील तिथे रांग लावत मी तीन आठवडे फिरलो. घरी वाफवलेल्या लादीचा स्टॉल सापडला, मुळ्याची चव छान लागली, पण तिथेही लगदाच. मग वाटलं, दाबाओ म्हणजे बांधून नेल्याने असेल, बंद डब्यात वाफ धरून कुरकुरीतपणा जातो. तिथेच बसून खाल्लं तरी फरक नाही. तेलावरही शंका घेऊन झाली.

शेवटी गेल्या मंगळवारी खाणं बाजूला ठेवून वीस मिनिटं नुसता तवा बघत उभा राहिलो. ऑफिसवाल्यांची गर्दी, वेळ १२:२०. त्या लहरी स्टॉलवरच्या आंटीकडे तवा एकच. त्यावर आठ-दहा प्लेट्सचा ढीग एकदम. इतके थंड, ओले तुकडे पडल्यावर तवा निवतो, मुळ्याचं पाणी सुटतं आणि सगळं परतलं जाण्याऐवजी वाफेवर शिजतं. अंडं त्या ओलीत मिसळून जातं, सॉसला करपायला कोरडं लोखंडच उरत नाही. माझी पहिली, अप्रतिम प्लेट कधीची होती? वही काढली. दुपारचे तीन!

मग काल रीतसर परीक्षा. स्टॉल तोच, दिवस तोच, प्लेट्स दोन. १२:२० ची प्लेट अपेक्षेप्रमाणे मऊ. मधल्या वेळात तळघरातल्या बाजारात जाऊन मुळे बघितले आणि वर येऊन कोपी ओ कोसोंग, म्हणजे बिनसाखरेची काळी कॉफी, घेतली (तिखट खायच्या आधी मला साखरेची कॉफी चालतच नाही). २:४० ला स्टॉलसमोर मी एकटा. आंटीने मूठभर तुकडे तव्यावर पसरले, उलथण्याने दाबले आणि हात आवरून थांबली. ते थांबणं महत्त्वाचं, गर्दीत त्याला वेळच नसतो. अंडं कडेने सोडलं, ते जाळीदार झालं, सॉस सगळ्यात शेवटी. "आय हियाम माय?" तिने विचारलं. तिखट हवं, म्हटलं. पहिला घास घेतला आणि वही मिटून ठेवली.

एक सूचना: नकाशावरच्या वेळांवर विसंबू नका. त्यात उघडा दिसणारा एक स्टॉल मला चारदा बंद मिळाला. शटरवरची हाताने लिहिलेली चिठ्ठीच खरी, तिचा फोटो काढून ठेवा. आणि सुटे पैसे जवळ असू द्या.

पुढचा बेत क्लेपॉट राइसचा आहे, असं लिहायला बसलो होतो. पण आत्ता वही चाळताना लक्षात येतंय की बाद केलेल्या सहा नोंदींपैकी पाच साडेबारा ते सव्वाच्या मधल्या आहेत. 'चार-क्वे-त्याव', होर फन (दोन्ही तांदळाच्या रुंद नूडल्सचे पदार्थ), सगळं तव्या-कढईच्या आंचेवर चालणारं. त्या पाचही स्टॉलना दिलेले शेरे मी मागे घेतो. क्लेपॉटला घाई नाही, तिथे प्रत्येक भांडं वेगळं शिजतं, गर्दीने फक्त रांग वाढते.

गुरुवारी अर्धी सुट्टी टाकली आहे. २:४५ ला होर फनपासून सुरुवात. जिन्याजवळच्या त्या स्टॉलवर मी सगळ्यात कडक लिहिलं होतं, तेव्हा आधी तिथेच.