अल्टरचा ढीग आणि इस्त्रीचं टेबल

आमच्या शर्टाच्या लाइनच्या शेवटी चेकरच्या टेबलाशेजारी अल्टरचं, म्हणजे दुरुस्तीला काढलेल्या सदोष पिसांचं, एक क्रेट असतं. त्या दिवशी दुपारपर्यंत ते भरून जमिनीवरही ढीग लागला होता. दोष बहुतेक एकच. साइड सीम, म्हणजे शर्टाच्या बाजूची शिवण, काखेतल्या जोडावरून जाते तिथे टाका सुटलेला. साखळी टाक्याचं हे वाईट असतं, एक सुटला की ओढ बसताच पुढची शिवण उसवत जाते. दोघी हेल्पर शिवणी उसवत बसल्या होत्या. उसवलेल्या कापडावर सुईची भोकं राहतात, म्हणजे दुरुस्त झालेला प्रत्येक पीस चांगला होतोच असंही नाही.

मॅनेजरसाहेबांचा उपाय ठरलेला: आणखी एक चेकर द्या. मला हा उपाय कधीच पटला नाही. चेकरने दोष सापडतो, थांबत नाही.

मी मधला माल मोजला. साइड सीमपासून शेवटच्या चेकरपर्यंत 240 पीस साचले होते आणि लाइन ताशी 60 पीस काढते. सकाळी दहाला सुटलेला टाका, जेवणाची सुट्टी धरली नाही तरी, दिसणार दोनला. तोवर ऑपरेटर तसेच पीस शिवत राहणार. माल पुढे जातो ते 20 पिसांचे गठ्ठे सगळ्यांना सोयीचे वाटतात, कारण त्यात सगळं झाकून जातं.

मग साइड सीम शिवणाऱ्या ओव्हरलॉक मशीनपाशी उभा राहिलो. मेकॅनिकने सुई बदलून, लूपरचं, म्हणजे खालून दोरा गुंफणाऱ्या आकड्याचं, टायमिंग पाहून झालं होतं. मशीनवरच्या ताईंचा हातही नीट चालत होता. पण जोडावर येताच मशीनचा कापड दाबणारा फूट उंचवट्यावर चढायचा, सुई किंचित वाकायची आणि लूपरला दोऱ्याचा फास सापडायचा नाही. पुढच्या-मागच्या दोन्ही बाजूंचं, बाहीच्या शिवणीबाहेर उरलेलं दाबाचं कापड एकाच दिशेला वळलेलं, त्यामुळे सगळी जाडी एका जागी.

“तुम्ही एक बाजू उलटी का वळवत नाही?” मी विचारलं.

“सर, वळवते की, पण इस्त्री करून बसवलेलं असतं. पुन्हा उलटतं.”

दोन टेबलं मागे बाही जोडल्यावर शिवण इस्त्रीने टोकापर्यंत चपटी करत होते. कामात कसूर नव्हतीच, उलट जरा जास्तच चोख चाललं होतं!

सुपरवायझरला म्हटलं, लाइन थांबवा. तो माझ्याकडे बघतच राहिला. जपानी संशोधक साकिची टोयोडांचा 1924 चा माग धागा तुटला की आपोआप थांबायचा. लीन या उत्पादनपद्धतीतली ‘जिदोका’, म्हणजे दोष दिसताच काम थांबवायची कल्पना, अशा मागांतूनच आली, म्हणजे आपल्याच धंद्यातून, आणि आम्हीच थांबायला घाबरतो. शेवटी “टार्गेट तुमच्या नावावर” म्हणत त्याने थांबवली.

इस्त्रीवाल्याला दोन्ही टोकांचा इंचभर भाग मोकळा सोडायला सांगितला. साइड सीमला एक टोक बाहीकडे, दुसरं अंगाकडे. गठ्ठा 5 पिसांचा केला आणि मधला साठा संपेपर्यंत साइड सीमच्या लगेच पुढे एक चेकर उभी केली. नवी नाही, शेवटचीच एक पुढे आणली. पहिल्या गठ्ठ्यांत एक पीस चुकला, तो दुसऱ्याच मिनिटाला ताईंच्या हातात परत गेला. त्यानंतर त्या जोडाचे नवे अल्टर जवळपास बंद झाले.

साठलेले मात्र दुसऱ्या दिवशीही उसवावे लागले. आणि कॉलरचे अल्टर अजून तसेच आहेत. मूळ फ्यूजिंगमध्ये, म्हणजे कॉलरला आतून अस्तर चिकटवण्यात, असावं असा माझा संशय आहे, पण कटिंगवाले अजून ऐकून घ्यायला तयार नाहीत.