शून्य सेकंदांची फाइल

मागच्या दिवाळीत साताऱ्याच्या घरी काकांनी अभंग म्हटले, तेव्हा मी ते हातात मावणाऱ्या एका रेकॉर्डरवर मुद्रित केले. शेवटच्या अभंगात बॅटरी संपली आणि रेकॉर्डर बंद पडला. पुण्याला परत येऊन कार्ड संगणकाला जोडले, तर फाइल २८८ मेगाबाइटची होती. पण तिची लांबी मात्र शून्य सेकंद दिसत होती.

माझा रेकॉर्डर ध्वनी वेव्ह नावाच्या प्रकारच्या फाइलमध्ये साठवतो. अशा फाइलच्या आरंभी काही बाइटचे शीर्षक असते. दर सेकंदाला किती सॅम्पल, म्हणजे ध्वनीची क्षणाक्षणाला घेतलेली मापे, घेतले, प्रत्येक सॅम्पल किती बिटांचे आहे, चॅनेल किती आहेत आणि पुढे किती बाइट ध्वनी आहे, हे त्यात लिहिलेले असते. माझ्या फाइलमध्ये तिथे नुसती शून्ये होती, कारण रेकॉर्डर ते शीर्षक मुद्रण थांबवताना भरतो आणि ती वेळ त्याला मिळालीच नव्हती. काकांचा आवाज फाइलमध्ये होता. तो कसा वाचायचा हे सांगणारे तेवढे काही उरले नव्हते.

कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक माझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी सुरू केलेल्या आणि २००० साली सर्वांसाठी खुल्या झालेल्या ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये ‘रॉ डेटा’, म्हणजे शीर्षकाविना नुसते बाइट, आत घेण्याची सोय आहे. तिथे शीर्षकातली माहिती आपणच भरायची असते. मी सवयीने १६ बिट, दोन चॅनेल, सेकंदाला ४४,१०० सॅम्पल असे भरले आणि कानात फक्त पावसासारखी खरखर आली. रेकॉर्डरच्या माहितीपुस्तिकेत २४ बिटांचाही पर्याय होता, म्हणून तो निवडला, तरी खरखर थांबेना. २४ बिटांचे एक सॅम्पल तीन बाइटचे असते, आणि वाचन एका बाइटने जरी सरकले तरी एका सॅम्पलचे शेपूट दुसऱ्याच्या डोक्याला चिकटते, हे लक्षात यायला मला अख्खी संध्याकाळ लागली. मग आरंभबिंदू शून्य, एक आणि दोन बाइट असा क्रमाने देऊन पाहिला. दोनवर काकांचा खाकरा ऐकू आला. इतक्या आनंदाने कोणाचा खाकरा मी यापूर्वी ऐकला नव्हता.

आवाज मात्र जड आणि सुस्त होता. काका काळी एकमध्ये गातात. पेटीशी ताडून पाहिले, तर षड्ज पांढरी सात आणि पांढरी एक यांच्या मधोमध कुठेतरी पडत होता. पुरावा दिला तो भिंतीवरच्या घड्याळाने. त्याची टिकटिक मुद्रणात ऐकू येत होती आणि साठ ठोक्यांना ६५ सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागत होता. सेकंदाला ४८,००० घेतलेली सॅम्पल मी ४४,१०० च्या गतीने वाचत होतो. आकडा बदलताच १८ मिनिटे ८ सेकंदांची फाइल १६ मिनिटे ४० सेकंदांची झाली आणि षड्ज जागेवर आला.

असे दोन दर मुळात आलेच कसे, याचा मला तेव्हा रागच आला होता. सुरुवातीला डिजिटल ध्वनी साठवायला व्हिडिओ रेकॉर्डर वापरत. सेकंदाला ६० क्षेत्रे (व्हिडिओ चित्राचे अर्धे भाग), प्रत्येकात वापरता येण्याजोग्या २४५ ओळी आणि दर ओळीत तीन सॅम्पल असा हिशेब करून ४४,१०० हा आकडा ठरला आणि १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीने तो कायम केला. चित्रपट आणि व्हिडिओच्या कामात ४८,००० रुजला.

पुढचे काम त्या मानाने सोपे होते. पेटी फार दूरवर ऐकू येत होती, म्हणून चुलतभावाने ती रीपर या मुद्रणाच्या प्रोग्रॅममध्ये वेगळ्या ट्रॅकवर पुन्हा वाजवली. त्याला स्वतःचाच स्वर हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येई. संगणक सॅम्पल एकेक करून नव्हे, तर गठ्ठ्याने हाताळतो. १,०२४ सॅम्पलचा गठ्ठा भरायलाच २१ मिलिसेकंद जातात आणि बाहेर पडताना तेवढेच पुन्हा. गठ्ठा १२८ चा केल्यावर ते २.७ वर आले; मात्र मधूनमधून तडतड होऊ लागली, कारण प्रोसेसरला पुढचा गठ्ठा वेळेत तयार करता येईना. आवाजावर लावलेले रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) मुद्रणापुरते बंद ठेवल्यावर तीही थांबली. १९९१ साली प्रो टूल्स हा मुद्रणाचा प्रोग्रॅम पहिल्यांदा आला, तेव्हा चार ट्रॅकसाठीसुद्धा मॅकिंटॉशमध्ये वेगळे कार्ड बसवावे लागे. १९९६ साली स्टाइनबर्ग कंपनीने आपल्या क्यूबेस व्हीएसटी या प्रोग्रॅममध्ये ध्वनी हाताळण्याचे हे काम संगणकाच्या स्वतःच्याच प्रोसेसरवर आणले, म्हणून माझ्या जुन्या लॅपटॉपवर ते निभावले.

घड्याळाची टिकटिक काढता आली असती, पण मी ती ठेवली. शेवटचा अभंग तिसऱ्या चरणात तुटतो. तिथपर्यंत ऐकून काका म्हणाले, “आता सेल घेऊन ये, उरलेला म्हणतो.”