पाठ असलेला एकच नंबर

चार्जरची पिन नीट बसेना म्हणून परवा दुपारी फोन घेऊन कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलाने भिंग लावून आत डोकावून पाहिले, "दोन तास लागतील, काका," असे सांगितले आणि पावतीपुस्तक पुढे ओढून विचारले, "दुसरा नंबर सांगा, झाला की कळवतो." मी ताडकन माझाच नंबर सांगितला. तो काही बोलला नाही. टेबलावर उघड्या पडलेल्या माझ्या फोनकडे त्याने फक्त एकदा पाहिले.

मग पत्नीचा नंबर आठवू लागलो. अठ्ठ्याण्णव बावीस इथपर्यंत गाडी बरी चालली आणि पुढे रुळच संपले. ज्या व्यक्तीला मी दिवसातून चार वेळा फोन करतो, तिचा नंबर गेल्या कित्येक वर्षांत माझ्या बोटांनी एकदाही लावलेला नाही. मी फक्त तिच्या नावावर बोट ठेवतो. मुलीच्या नंबराची तर सुरुवातही ठाऊक नव्हती. "मीच येतो परत," असे म्हणून बाहेर पडलो, आणि पायरी उतरताना एक पाच आकडी नंबर अचानक, अगदी चालीसकट, ओठांवर आला.

तो आमच्या घरचा नव्हता. साताऱ्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या नानांचा होता. आम्ही फोनसाठी अर्ज केला होता, पण तेव्हा अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहणे हा त्या प्रक्रियेचाच भाग असल्यामुळे सगळ्या नातेवाइकांना नानांचा नंबर दिलेला होता आणि वडिलांच्या कार्डावर त्यापुढे इमानदारीने 'पीपी', म्हणजे शेजाऱ्यांकडचा फोन, असे छापलेले होते. नानांच्या बाहेरच्या खोलीत क्रोशाच्या रुमालाखाली तो काळा फोन असे आणि त्याच्या तबकडीला एक चिमुकले कुलूप असे. सांगलीहून आत्याचा फोन आला की नानी गॅलरीतून हाक मारत, आई पदराला हात पुसत धावे आणि मी तिच्या मागे. बोलणे दोन मिनिटांचे, ते संपल्यावर नानींचा चहा मात्र अर्ध्या तासाचा. आत्याने काय सांगितले हे आम्हांला कळायच्या आत नानींना कळलेले असे, आणि त्याचे कोणालाही काही वाटत नसे.

पुढे आमच्याकडे फोन आला, त्याबरोबर वडिलांची डायरी आली. त्या डायरीत अकारविल्हे पाने होती, पण वडिलांची वर्णमाला वेगळी होती. वायरमन 'व'मध्ये हे ठीकच; आत्या मात्र 'स'मध्ये, कारण ती सांगलीची, आणि पुण्याचे दोघे मामा 'प'मध्ये. त्यामुळे एसटीडी कोडही आपोआप पाठ झाले, सांगली ०२३३, कोल्हापूर ०२३१, पुणे आधी ०२१२ आणि नंतर ०२०. २००२च्या अखेरीस सरकारी फोनच्या नंबरांआधी २ लावायचे ठरले, तेव्हा एका रविवारी वडील लाल पेन घेऊन बसले आणि डायरीतल्या प्रत्येक नंबराच्या डाव्या अंगाला त्यांनी एकेक २ लिहिला. त्यात वारलेल्या दोन माणसांचेही नंबर होते. त्यांनाही २ लागला.

पाठांतराला चाल लागते असे माझे ठाम मत आहे. माझ्या आजोबांना पावकी-निमकीपासून औटकीपर्यंत अपूर्णांकांचे सगळे पाढे मुखोद्गत होते, ते काही त्यांची स्मरणशक्ती अचाट होती म्हणून नव्हे, तर ते सारे गाता येत होते म्हणून. नानांचा नंबर मला आठवतो, कारण आधी एक आकडा आणि मग दोन जोड्या असा त्याचा ठेका होता आणि शेवटची जोडी एकोणऐंशी होती. आज मी कोणाला एकोणऐंशी म्हटले की समोरचा थबकतो आणि "सेव्हन नाइन ना?" असे विचारून खात्री करून घेतो. सुटे दहा इंग्रजी आकडे कोण गुणगुणणार?

ते दोन तास मी बागेच्या कठड्यावर काढले. हातात घड्याळ नव्हते, कारण वेळही फोनमध्येच असते. एका गृहस्थांना किती वाजले असे विचारले, तेव्हा त्यांनी खिशातून फोन काढून वेळ सांगितली आणि, आता काढलाच आहे तर, म्हणून ते त्यातच पाहत उभे राहिले.

संध्याकाळी पत्नीचा नंबर पाढ्यासारखा दहा वेळा म्हटला. तिने हे का चालले आहे असे विचारले, मी सांगितले, माझा नंबर तिला पाठ आहे का, हे मात्र मी मुद्दामच विचारले नाही. सकाळी उठून पाहतो तर सहाव्या आकड्यापाशी अडलो. शेवटी एका चिठ्ठीवर तो स्वच्छ अक्षरांत लिहून काढला आणि हरवू नये म्हणून ती चिठ्ठी फोनच्या कव्हरात, फोनच्या पाठीशी सरकवून ठेवली आहे.